अमेरिकेतील सार्वजनिक हायस्कूलमध्ये अभिजात गिटारशिक्षणाची उभारणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

गिटार हे विसाव्या शतकात अमेरिकेच्या घराघरांत पोहोचलेले वाद्य होय. लोकसंगीत, चर्चमधील गायन, ब्लूज, रॉक अशा जवळजवळ प्रत्येक संगीतप्रकारात त्याला स्थान मिळाले. असे असूनही त्याच देशातील सार्वजनिक हायस्कूलच्या वेळापत्रकात या वाद्याचा, विशेषतः त्याच्या अभिजात परंपरेचा, प्रवेश फार उशिरा झाला. बँड, ऑर्केस्ट्रा आणि गायनवृंद हे तीन विषय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच शालेय संगीतशिक्षणात स्थिरावले होते. गिटारला मात्र त्यानंतरही अनेक दशके शाळेच्या दाराबाहेरच राहावे लागले.

हा विलंब का झाला आणि तो कोणत्या मार्गाने दूर होऊ लागला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. गिटारविषयी आवड नव्हती म्हणून ते शाळेबाहेर राहिले, असे म्हणता येत नाही. शाळा ही संस्था ज्या स्वरूपात संगीत शिकवू शकते, ते स्वरूप या वाद्याला लाभलेले नव्हते. समूहवादन, क्रमबद्ध स्वरलिपीवाचन आणि मूल्यमापन यांची सांगड ज्या ठिकाणी घातली गेली, तेथेच गिटारचा वर्ग टिकला. टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

येथे ‘सार्वजनिक हायस्कूल’ म्हणजे करांच्या उत्पन्नातून चालविली जाणारी, विनाशुल्क, नववी ते बारावीची शाळा अभिप्रेत आहे. ‘अभिजात गिटार’ या संज्ञेने नायलॉनच्या सहा तारांचे, बोटांनी व नखांनी छेडले जाणारे आणि पाश्चात्त्य स्वरलिपीवरून वाजविले जाणारे वाद्य व त्याची वादनपरंपरा सूचित होते.

१. शालेय संगीताची चौकट

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांमध्ये संगीताचा अधिकृत प्रवेश १८३८ साली झाला. लोवेल मेसन यांनी बॉस्टनच्या एका शाळेत विनावेतन गायन शिकवून दाखविल्यानंतर तेथील शाळा समितीने संगीताला अभ्यासक्रमात मान्यता दिली. पुढील सुमारे सत्तर वर्षे शालेय संगीत म्हणजे प्रामुख्याने गायन, असेच समीकरण राहिले. गायनाला वाद्य लागत नाही, एका शिक्षकास अनेक मुलांना एकाच वेळी शिकविता येते, आणि खर्चही अल्प असतो. मान्यतेमागे या व्यावहारिक बाबींचा वाटा मोठा होता.

वाद्यशिक्षणाला वर्गाचे रूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. इंग्लंडमधील मेडस्टोन येथे शाळकरी मुलांना व्हायोलिन सामूहिक रीतीने शिकविण्याचा प्रयोग चालू होता. मर्डॉक या कंपनीने त्यासाठी स्वस्त वाद्ये व पाठ्यसाहित्य पुरविले होते. बॉस्टनमधील शिक्षक अल्बर्ट मिचेल यांनी १९१० साली हा प्रयोग प्रत्यक्ष पाहिला आणि परतल्यावर बॉस्टनमध्ये व्हायोलिनचे वर्ग सुरू केले. एका गुरूसमोर एक शिष्य ही वाद्यशिक्षणाची जुनी रीत मागे पडून एका शिक्षकासमोर संपूर्ण वर्ग, ही नवी रीत येथून रूढ होत गेली.

पहिल्या महायुद्धानंतर शालेय बँडचा झपाट्याने प्रसार झाला. १९२३ साली शिकागो येथे शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि तिला वाद्यनिर्मात्यांचे पाठबळ होते. जोसेफ मॅडी यांनी १९२६ मध्ये डेट्रॉइट येथे राष्ट्रीय हायस्कूल ऑर्केस्ट्रा एकत्र आणला. या घटनांतून शालेय संगीताची चौकट निश्चित झाली. तिच्यात पुढील गोष्टी गृहीत होत्या : मोठा समूह, समूहाचे नेतृत्व करणारा शिक्षक, स्वरलिपीचे सक्तीचे वाचन, सार्वजनिक सादरीकरण आणि परीक्षकांपुढील मूल्यमापन. जे वाद्य या चौकटीत बसले ते शाळेत आले. जे बसले नाही ते बाहेर राहिले.

२. घरातले वाद्य

या काळात अमेरिकेत गिटार नव्हते असे मुळीच नाही. सॅक्सनीतून आलेले सी. एफ. मार्टिन यांनी १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये आपला व्यवसाय सुरू केला आणि काही वर्षांत तो पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे नेला. एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गीय घरांतील दिवाणखान्यात गिटारची साथ ही परिचित गोष्ट होती. शतकाच्या अखेरीस बँजो, मँडोलिन व गिटार यांचे हौशी वादकसंघ शहरोशहरी आणि महाविद्यालयांतही निघाले. १९०२ साली या वाद्यांच्या वादक-शिक्षकांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. १९२३ मध्ये लॉस एंजेलिस येथे अमेरिकन गिटार सोसायटी स्थापन करण्यात व्हादा ओल्कट-बिकफर्ड यांचा पुढाकार होता.

तथापि या वादकसंघांत मुख्य सुरावट मँडोलिनकडे असे आणि गिटारकडे साथीचे काम येई. शाळेतील बँड व ऑर्केस्ट्रा यांची घडी बसत असतानाच मँडोलिन वाद्यवृंदांची लाट ओसरली. त्यामुळे गिटारला समूहाचे जे एक रूप लाभले होते, तेही शाळेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच लोप पावले.

वाद्याचे काही अंगभूत गुणही त्याच्या आड आले. गिटारचा आवाज लहान. ट्रम्पेट किंवा व्हायोलिनच्या ताफ्यात तो ऐकू येत नाही. दुसरी अडचण वाचनाची. पियानोवर एका स्वराला एकच पट्टी असते. गिटारवर मात्र पहिल्या मोकळ्या तारेचा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. स्वरलिपीतील एक चिन्ह पाहून ते कोठे वाजवावे, हा निर्णय प्रत्येक वेळी घ्यावा लागतो. या अडचणीमुळे बहुसंख्य वादक श्रवणाने, बोटांच्या आकृत्यांवरून किंवा टॅब्लेचर या तारा-पडद्यांच्या लिपीवरून शिकत राहिले. परिणामी, गिटारवादकाला स्वरलिपी वाचता येत नाही, असा समज संगीतशिक्षकांत दृढ झाला.

३. मंचावरून महाविद्यालयाकडे

अभिजात गिटारला विसाव्या शतकात जी प्रतिष्ठा लाभली, तिचे श्रेय मोठ्या प्रमाणात स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांना दिले जाते. १९२८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांचे अमेरिकेतील पहिले वादन झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तातीच्या तारा दुर्मीळ झाल्या, कारण तात शस्त्रक्रियेतील टाक्यांसाठी लागत असे. तेव्हा न्यूयॉर्कमधील वाद्यकार अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा विकसित केल्या आणि सेगोव्हिया यांनी त्या स्वीकारल्या. हा बदल पुढे शाळांच्याही उपयोगी पडला. नायलॉनच्या तारा तातीपेक्षा टिकाऊ व स्वस्त असतात, आणि पोलादी तारांइतका त्रास नवशिक्याच्या बोटांना देत नाहीत.

गिटारला संगीत महाविद्यालयांत पियानो व व्हायोलिनच्या बरोबरीचे स्थान मिळावे, हे सेगोव्हिया यांचे एक घोषित ध्येय होते. अमेरिकेत या दिशेने पायाभूत कार्य करणाऱ्यांत ॲरन शियरर (१९१९–२००८) यांचा समावेश होतो. त्यांनी वादनतंत्राची पद्धतशीर पाठ्यपुस्तके लिहिली, तसेच बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीत महाविद्यालयात व पुढे नॉर्थ कॅरोलायनात अनेक शिष्य घडविले. १९७३ साली गिटार फाउंडेशन ऑफ अमेरिका ही संस्था अस्तित्वात आली.

या चळवळीची दिशा मात्र एकलवादकाची होती. एक वादक, एक वाद्य आणि शांत सभागृह, हा तिचा आदर्श होता. महाविद्यालयातून बाहेर पडणारा गिटारपदवीधर उत्तम वादक असे. पण तीस मुलांच्या वर्गापुढे उभे राहून त्यांच्याकडून एकत्र वादन करवून घेण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसे. उलट, शालेय अध्यापनाची पदवी घेणाऱ्यास बँड, ऑर्केस्ट्रा वा गायनवृंद चालविण्याचे प्रशिक्षण मिळे, पण गिटारची ओळख जुजबी असे. गिटार जाणणारा शाळेत शिकवीत नव्हता, आणि शाळेत शिकविणारा गिटार जाणत नव्हता. ही दरी हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

४. टँगलवुड परिषद आणि पहिले गिटारवर्ग

१९६० च्या दशकात गिटारच्या लोकप्रियतेला उधाण आले. लोकसंगीताचे पुनरुज्जीवन आणि १९६४ मधील बीटल्सचे अमेरिकेतील आगमन या दोहोंमुळे तरुणांच्या हाती हे वाद्य आले. शाळेतील संगीत व शाळेबाहेरील संगीत यांतील अंतर इतके वाढले की, संगीतशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेला त्याची दखल घ्यावी लागली. १९६७ साली मॅसॅच्युसेट्समधील टँगलवुड येथे झालेल्या परिषदेने सर्व काळांचे, शैलींचे व संस्कृतींचे संगीत, त्यात तरुणांचे लोकप्रिय संगीतही, अभ्यासक्रमात यावे, अशी भूमिका जाहीर केली.

त्यानंतर अनेक शाळांत गिटारचे वर्ग निघाले. त्यांचे स्वरूप बहुधा सामान्य संगीतपरिचयाचे होते. चार-सहा कॉर्ड, काही गाण्यांची साथ आणि सत्र समाप्त, असा क्रम असे. बँड वा गायनवृंदात नसलेल्या विद्यार्थ्यांची सोय लावण्याचे साधन म्हणूनही या वर्गांकडे पाहिले गेले. पुढच्या वर्षी काय शिकावे याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मालमत्ताकरावर मर्यादा आल्यानंतर तेथील शाळांना काटकसर करावी लागली. अशा वेळी ज्या विषयामागे परंपरा, स्पर्धा वा पालकांचा दबाव नसतो, त्यावर कात्री प्रथम चालते.

१९९४ साली कलाशिक्षणाची राष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास शिक्षकसंघटना व वाद्यउद्योग यांच्या सहकार्याने शालेय शिक्षकांसाठी गिटार-प्रशिक्षण कार्यशाळाही सुरू झाल्या. मेडस्टोनचे व्हायोलिनवर्ग आणि शिकागोची बँडस्पर्धा यांप्रमाणेच येथेही वाद्य विकणाऱ्यांचे हित व शिक्षणाचे हित काही अंतर बरोबर चालले, असे दिसते.

५. ऑस्टिन येथील कार्यक्रम

ऑस्टिन शहरात १९९० साली अभिजात गिटारप्रेमींची एक सोसायटी स्थापन झाली. अशा सोसायट्या प्रामुख्याने मैफिली भरवितात. परंतु या संस्थेने, पुढे मॅथ्यू हिन्स्ली यांच्या नेतृत्वाखाली, शहरातील सार्वजनिक शाळांकडे लक्ष वळविले. २००१ मध्ये मॅक्कलम हायस्कूलपासून तिच्या शालेय कार्यक्रमास आरंभ झाला. कालांतराने तो शहरातील इतर शाळांत पसरला. २००८ मध्ये संस्थेने आपला अभ्यासक्रम इंटरनेटवरून इतर ठिकाणच्या शिक्षकांना उपलब्ध करून दिला.

टेक्सासमध्ये हायस्कूल पूर्ण करण्यासाठी ललितकलेचा एक श्रेयांक आवश्यक असतो. त्यामुळे गिटारचा वर्ग हा फावल्या वेळेचा छंद न राहता पदवीकडे नेणारा नियमित विषय होऊ शकला. विषय नियमित झाला की त्याला खोली, तासिका, वेतनावरील शिक्षक आणि हजेरीपट लाभतो. कार्यक्रमाच्या स्थैर्याचा खरा पाया हा होय.

या अभ्यासक्रमाचा गाभा समूहवादन हा होता. नववीच्या वर्गात काही विद्यार्थी प्रथमच गिटार हाती घेतात, तर काहींना दोन वर्षांचा सराव असतो. त्यांना एकाच तासात कसे शिकवावे, हा प्रत्येक शाळेपुढील प्रश्न असतो. अनेक भागांत लिहिलेली रचना हे त्याचे उत्तर ठरले. एका गटाने मोकळ्या तारांवरील साधे स्वर सांभाळावेत, दुसऱ्याने सुरावट वाजवावी, तिसऱ्याने खर्जाचा आधार द्यावा. नवशिक्याचा भाग सोपा असतो, पण अनावश्यक नसतो. तो चुकला तर संपूर्ण रचना डळमळते. पहिल्या आठवड्यातील विद्यार्थीही अशा रीतीने संगीताचा खरा सहभागी होतो.

समूहात प्रत्येकाकडे बहुधा एकच सुरावट असल्याने वाचनाचा प्रश्नही सुटा होतो. एकलवादकाला दोन-तीन स्वरपंक्ती एकाच वेळी वाचाव्या लागतात. समूहातील वादकाने एकच पंक्ती वाचली तरी पुरते. टेक्सासमधील शालेय बँड, ऑर्केस्ट्रा व गायनवृंद यांना परीक्षकांपुढे अपरिचित स्वरलिपी पाहून सादर करण्याची कसोटी द्यावी लागते. तशाच शिस्तीने गिटारचा वर्ग वाचू लागला की, त्याला सहकारी शिक्षकांच्या नजरेत बरोबरीचे स्थान मिळते.

दैनंदिन बाबींचेही महत्त्व कमी नव्हते. पंचवीस वाद्ये एकाच वेळी जुळवू लागल्यास तासाचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून जुळवणीची ठरलेली शिस्त लागते. डावा पाय ठेवण्यासाठी लहान चौरंगी, प्रत्येकासमोर स्वरलिपीचा स्टँड, उजव्या हाताच्या नखांची निगा, तुटलेल्या तारांचा साठा, वाद्ये ठेवण्यासाठी कुलपाचे कपाट या गोष्टींवाचून वर्ग चालत नाही. ज्याच्या घरी गिटार नाही त्याला शाळेचे वाद्य मिळाले पाहिजे, अन्यथा सार्वजनिक शिक्षण या संज्ञेला अर्थ उरत नाही.

६. कोणासाठी?

बँड व ऑर्केस्ट्रा यांचे शिक्षण बहुतेक ठिकाणी सहावीच्या सुमारास सुरू होते. त्या वेळी जो विद्यार्थी सामील झाला नाही, जो दुसऱ्या गावाहून किंवा दुसऱ्या देशातून नंतर आला, अथवा ज्याच्या पालकांना वाद्याचा खर्च परवडला नाही, त्याला नववीत त्या समूहाचे दार जवळजवळ बंद असते. गिटारचा वर्ग चौदा-पंधरा वर्षांच्या नवशिक्यालाही घेऊ शकतो. हायस्कूलमधील गिटारशिक्षणाचे सामाजिक मोल प्रामुख्याने येथे आहे.

ऑस्टिनच्या संस्थेने हा विचार शाळेच्या भिंतींपलीकडेही नेला. २०१० मध्ये गार्डनर बेट्स या बालगुन्हेगारांसाठीच्या न्यायकेंद्रात गिटारचा वर्ग सुरू झाला आणि तेथील मुलांना त्यातून शालेय श्रेयांक मिळविणे शक्य झाले. टेक्सासच्या दृष्टिबाधितांच्या शाळेतही गिटार शिकविले जाऊ लागले व ब्रेल स्वरलिपीतील साहित्य तयार झाले. ब्रेल वाचण्यासाठी हात लागतो आणि गिटारला दोन्ही हात लागतात. म्हणून विद्यार्थी काही मात्रा बोटांनी वाचतो, पाठ करतो, मगच वाजवितो. डोळसांसाठी रचलेला अभ्यासक्रम जसाच्या तसा येथे चालत नाही. त्याची फेरमांडणी करावी लागते.

७. मर्यादा आणि मतभेद

या वाटचालीच्या काही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा निधीची. शिक्षकाचे वेतन शाळा देत असली तरी अभ्यासक्रमाची निर्मिती, शिक्षकांना मार्गदर्शन व वाद्यांची मदत यांसाठी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेचा आधार लागतो. २०११ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने सार्वजनिक शिक्षणाच्या निधीत मोठी कपात केली. अशा प्रसंगी बाहेरील संस्थेची मदत मोलाची ठरते. परंतु ज्या शहरात अशी संस्था नाही, तेथील मुलांचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

दुसरी मर्यादा शिक्षकाची. एका उत्साही शिक्षकावर उभा असलेला वर्ग त्याची बदली वा निवृत्ती झाल्यावर कोलमडण्याचा धोका असतो. लिखित अभ्यासक्रम ही त्यावरील अंशतः उपाययोजना आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या पदवीत गिटारला स्थान मिळणे ही खरी उपाययोजना ठरेल.

तिसरा मुद्दा तात्त्विक आहे. गिटारला ऑर्केस्ट्राच्या साच्यात बसविताना त्याचे स्वतःचे धर्म, म्हणजे गाण्याची साथ, उत्स्फूर्त वादन आणि श्रवणाने शिकणे, गमावले जातात काय? २००२ मध्ये स्थापन झालेल्या लिटल किड्स रॉक या संस्थेने (२०२२ पासून म्युझिक विल) नेमकी उलट वाट धरली. लोकप्रिय गाणी, कॉर्डच्या आकृत्या आणि स्वतःची रचना यांपासून आरंभ करावा, स्वरलिपी मागाहून यावी, अशी तिची भूमिका आहे. पहिल्या वाटेने विद्यार्थ्याला वाचनाची शिस्त व संगीत महाविद्यालयापर्यंतचा मार्ग मिळतो. दुसऱ्या वाटेने त्याच्या परिचित संगीताला मान मिळतो. २०१४ च्या नव्या राष्ट्रीय मानकांनी गिटार व कीबोर्डसारख्या, स्वरसंवाद साधणाऱ्या वाद्यांसाठी स्वतंत्र शाखा निर्माण केली. त्या शाखेत स्वतःची रचना व साथसंगत यांनाही स्थान आहे. दोन्ही भूमिकांना सामावून घेण्याचा तो प्रयत्न म्हणता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत गिटारला झालेला विलंब हा लोकप्रियतेच्या अभावाचा परिणाम नव्हता. १९३० पूर्वी घडलेली शालेय संगीताची चौकट मोठ्या समूहासाठी होती आणि गिटारला तसा समूह नव्हता.

२. अभिजात गिटारच्या प्रतिष्ठेची चळवळ एकलवादकाभोवती फिरत राहिल्याने तिने महाविद्यालये जिंकली, पण शाळांसाठी शिक्षक घडविले नाहीत.

३. टँगलवुड परिषदेनंतर दार उघडले. परंतु क्रमबद्ध अभ्यासक्रमाअभावी अनेक वर्गांना पुढील वाट सापडली नाही.

४. ऑस्टिनच्या उदाहरणात समूहवादन, स्वरलिपीवाचन व श्रेयांक या तीन गोष्टी एकत्र आल्या, आणि उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांनाही शालेय संगीतात प्रवेश मिळाला.

शालेय विषयाचा इतिहास हा अनेकदा त्या विषयाच्या थोरवीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रस्तुत उदाहरण वेगळे काही सांगते. वाद्य थोर होते, वादक थोर होते, श्रोतेही होते. तरीही शाळेत वर्ग उभा राहिला तो तासिका, हजेरीपट, कुलपाचे कपाट आणि नवशिक्यासाठी लिहिलेली एक सोपी स्वरपंक्ती यांच्या आधाराने. हा आधार प्रत्येक शाळेला सार्वजनिक निधीतून मिळावा की केवळ दानशूर शहरांपुरता राहावा, हा प्रश्न मात्र शिक्षणाच्या धोरणकर्त्यांना टाळता येणार नाही.